सरावातली बॅट

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळात डॉक्टरांच्या बायकांना "तुम्ही काय करता?" असं सहसा कुणी विचारत नाही. "मिस्टर कुठल्या हॉस्पिटलला?" असं विचारतात. मी "मिल्टन कीन्स" एवढंच सांगून गप्प बसते. एखाद्यानं चिकाटीनं पुढं विचारलंच, तर सांगते की मी बावीस वर्षं जुन्या बॅटी, हातमोजे आणि घामाचे डाग पडलेल्या टोप्या यांचं वर्णन लिहायची नोकरी केली. मग समोरचा हसतो आणि पुन्हा मिस्टरांकडे वळतो.

नोकरी एका लिलाव कंपनीत होती. कंपनी म्हणजे काय, तर एका इंडस्ट्रियल इस्टेटमधली मोठी शेड, सात माणसं आणि आमचा मालक कॉलिन. मी तिथं टायपिंगला म्हणून गेले होते. सहा महिन्यांनी खेळाच्या विभागातला माणूस सोडून गेला आणि कॉलिननं मला विचारलं, "तू इंडियन आहेस, म्हणजे तुला क्रिकेट कळत असणारच?" मला क्रिकेटमधलं एवढंच कळत होतं की ते चालू असलं की वडील घरात कुणाशी बोलत नसत. पण मला टायपिंगचा कंटाळा आला होता, म्हणून मी बिनधास्त हो म्हणाले. पुढची दोन वर्षं घरी आल्यावर पुस्तकं वाचून ती थाप निभावली.

कामाचं स्वरूप सोपं आहे. लोक वस्तू आणतात, आपण ती नीट बघायची आणि कॅटलॉगमध्ये तिच्याबद्दल चार ओळी लिहायच्या. त्या चार ओळींतला एकच शब्द महत्त्वाचा असतो. खेळाडूनं वस्तू प्रत्यक्ष सामन्यात वापरली असेल तर ती 'सामन्यातली'. नेटमध्ये वापरली असेल तर 'सरावातली'. नुसतीच त्याच्या नावाची, दुकानातून आलेली असेल तर तिला कुणी विचारत नाही. सामन्यातल्या वस्तूसाठी लोक कुठून कुठून येतात. सरावातली वस्तू म्हटलं की फोन ठेवतात.

हे मला आधी चमत्कारिक वाटायचं. माणूस तोच, हात तेच, घाम तोच. सामन्यात बॅट चारदा फिरते आणि सरावात हजारदा. मग जास्त 'वापरलेली' कुठली? मी कॉलिनला एकदा तसं विचारलंही. तो चहा ढवळत म्हणाला, "गिऱ्हाईकाला लाकूड नको असतं, माधुरी. त्याला ती दुपार हवी असते." आणि त्यानं मला दोन प्रश्न शिकवले, जे मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वस्तूला विचारले. ही वस्तू तेव्हा काय करत होती? आणि ते कुणी पाहिलं?

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वस्तू नापास होतात. गिऱ्हाइकं तर काय वाटेल ते करतात. एक गृहस्थ नवी कोरी बॅट घेऊन आले. तिच्यावर चेंडूच्या खुणा भरपूर होत्या, पण सगळ्या एकाच रांगेत. बागेत भिंतीला टेकवून त्यांनी स्वतःच त्या ठोकल्या होत्या. खालच्या टोकाला मात्र कुत्र्याचे दात उमटले होते, आणि तेवढे खरे होते. मी त्यांना तसं सांगितलं, तर त्यांनी मला कुत्र्याचा फोटो दाखवला.

क्रिकेटच्या बॅटी नेहमीच्याच. बेसबॉलच्या मात्र इंग्लंडमध्ये क्वचित येतात. आल्या की आम्ही अमेरिकेतल्या एका जाणकाराला, वॉल्टरला, व्हिडिओ कॉल लावायचो. त्यानं मला ती गोल बॅट वाचायला शिकवलं. मुठीच्या तळाशी जी घुंडी असते तिच्यावर खेळाडूचा नंबर असतो. बॅटी मांडणीत उभ्या करताना अंगावर रंगाचे ओरखडे पडतात. जाड भागावर चेंडूच्या शिवणीचे तिरपे टाके उमटतात. आणि मुठीच्या वर चिकट काळं डांबर असतं. हात घसरू नये म्हणून खेळाडू ते चोपडतात. सामन्यात उतरलेल्या बॅटीवर ते थरावर थर चढलेलं असतं. वॉल्टर म्हणायचा, आधी डांबर बघ, मग बाकीचं.

आता ज्या बॅटीसाठी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडे येते. ती बॅट मी आधीपासून ओळखत होते.

लंडनजवळच्या पिनरचे डॉक्टर आपटे आमच्या मंडळातले सगळ्यांत जुने. हाताच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव होतं. सत्तरच्या दशकात ते एका वर्षासाठी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात शिकायला गेले होते. तिथं त्यांनी एका बेसबॉल खेळाडूच्या मनगटाचं ऑपरेशन केलं. त्यानं डॉक्टरांना आपली बॅट भेट दिली. ती त्यांच्या बैठकीत पियानोच्या बाजूला उभी असायची. गणपतीला, दिवाळीला, हळदीकुंकवाला, नवीन कुणी घरात आलं की मालतीवहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, ती बॅट त्याच्या हातात देत आणि सांगत, "ऑपरेशननंतरच्या पहिल्याच मॅचमध्ये त्यानं ह्याच बॅटनं होमरन मारला. चेंडू थेट प्रेक्षकांत!" हे सांगताना त्या हात असा वर न्यायच्या की ऐकणारा छताकडे बघायचा. डॉक्टर बाजूला बसून सुपारी कातरत असायचे.

मालतीवहिनींनी माझी मुलं सांभाळली म्हणून मी नोकरी करू शकले. हे इथं स्पष्ट सांगते, कारण पुढं जे झालं त्यात ते माझ्या मानेवर बसलेलं होतं.

वहिनी गेल्या, त्याला तीन वर्षं झाली होती. डॉक्टर शहाऐंशीचे. त्यांची मुलगी शुभा हाउन्सलोला राहते, विमानतळावर मालवाहतुकीच्या ऑफिसात आहे. तिच्याकडे जायचं ठरलं. एक खोली मिळणार, त्यात पियानो नाही, पुस्तकं नाहीत. शुभा इथंच जन्मलेली. तिचा मला फोन आला.

"मावशी, बाबा is not sleeping. सारखा त्या बॅटचाच विषय. तो बॅट तू घेऊन जा ना, तुझ्या ऑक्शनला. He wants it done properly."

"अगं, पण त्यांना विकायची आहे का?"

"पैशाचा नाहीये गं ते. त्याला catalogue पाहिजे. With the story."

मी पिनरला गेले. डॉक्टरांनी बॅट चादरीत गुंडाळून ठेवली होती. माझ्या हातात देताना म्हणाले, "माधुरी, एवढंच कर. 'सामन्यात वापरलेली' असं छापून आलं पाहिजे. बाकी मला काही नको."

"आमच्या पद्धतीनं तपासावं लागेल, डॉक्टर."

"तपास की. तू तपासणार म्हणूनच तुला देतोय."

शेडमध्ये बॅट टेबलावर ठेवली आणि दिवा लावला, तर कॉलिन खुर्चीतून उठूनच आला. जाड भागावर लालसर खुणा होत्या. पाच. चार ओळीनं आणि एक जरा खाली, बाजूला. वॉल्टरला कॅमेऱ्यातून दाखवल्या तर तोही खुर्ची पुढं ओढून बसला. शिवणीचा दोरा लाल असतो, त्याचा रंग इतका राहिला असेल तर मोठीच गोष्ट, असं तो म्हणाला. आमच्या फोटोग्राफरनं पट्टी ठेवून अंतरंसुद्धा मोजली.

मी नाक जवळ नेलं. दसऱ्याच्या पाटाजवळ येतो तसा तिळाच्या तेलाचा वास आला. मला हसू आवरेना.

कॉलिनला काय सांगणार? मी म्हटलं, "हे कुंकू आहे." मग कुंकू म्हणजे काय ते सांगितलं. दसऱ्याला आम्ही घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. डॉक्टरांकडे पाटावर त्यांचा जुना स्टेथोस्कोप, वहिनींचं शिलाईचं मशीन, गाडीची किल्ली आणि ही बॅट असायची. इथं दसरा शनिवारी जमेल तेव्हा होतो, पण होतो. सगळ्यांनी हळदकुंकू वाहायचं. कॉलिन शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे ही खूण खेळातली नाही."

"नाही."

"मग डांबर बघ."

मी बॅट उलटी केली. मूठ स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की लाकडाच्या रेषा दिसत होत्या. वॉल्टर पलीकडून म्हणाला, असं मी कधी पाहिलेलं नाही, कुणी घासलीय का? आणि त्याच क्षणी मला हातात हिरवी घासणी धरलेल्या वहिनी दिसल्या.

पूजेला ठेवायची वस्तू आधी स्वच्छ करायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी वहिनी मशीनला तेल घालायच्या, स्टेथोस्कोप पुसायच्या आणि बॅटीवरचं ते चिकट काळं काय आहे ते, रंग काढायला वापरतात त्या व्हाइट स्पिरिटनं खरवडायच्या. "केवढी घाण लावून दिलीय मेल्यानं," असं म्हणायच्या. एका वर्षी त्यांचा खांदा दुखत होता. त्यांनी घासणी माझ्या हातात दिली. मी तेव्हा नोकरीत नव्हते, मला बेसबॉल कशाशी खातात तेही माहीत नव्हतं. मी बाहेर पायरीवर बसून तासभर ती मूठ घासली, शेवटचा काळा ठिपका जाईपर्यंत. वरून तेलाचा हात फिरवला. वहिनी म्हणाल्या, "आता कशी देवापुढं ठेवण्यासारखी झाली."

जगात त्या बॅटीबद्दलचा जो काही पुरावा होता तो मी स्वतःच्या हातानं घासून टाकला होता. भक्तिभावानं. या धंद्यात मी नंतर दोनशे लोकांना तरी दटावलं असेल, की वस्तू पुसून आणू नका, धूळसुद्धा राहू द्या. तेव्हा दर वेळी मला मी फार शहाणी वाटायचे.

नंबर जुळत होता, नाव लाकडात कोरलेलं होतं. बॅट त्याचीच, यात शंका नव्हती. पण सामन्यातली की सरावातली? वॉल्टरनं सांगितलं की आता ते कुणालाच सांगता येणार नाही. त्या काळातले फोटोही मिळाले नाहीत. आणि मग तो सहज म्हणाला, "डॉक्टरचं कुटुंब जे सांगतं ते लिहिलंस, तर तुला खोटं पाडायलाही कुणी येणार नाही."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. आठ दिवस ते माझ्याबरोबर प्रत्येक राउंडअबाउटला वळत होतं. एक शब्द लिहायचा. तो खोटा आहे असं कुणी सिद्ध करू शकत नाही. ज्या बाईनं माझी मुलं सांभाळली तिची गोष्ट छापली जाते, एका म्हाताऱ्या माणसाला झोप लागते. माझं काय जात होतं?

शेवटी पुन्हा पिनरला गेले. बैठकीतला पियानो गेला होता, गालिच्यावर त्याच्या पायांचे खड्डे होते. मी आधी माझं पाप सांगून टाकलं. घासणी, व्हाइट स्पिरिट, सगळं.

डॉक्टर ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही दोघी पायरीवर बसला होतात. मी खिडकीतून बघत होतो."

"मग अडवलं का नाही?"

"मला काय माहीत ते महत्त्वाचं असतं? मी हाडं बघणारा माणूस."

"डॉक्टर, मला फक्त एक सांगा. त्यानं ह्या बॅटनं तो होमरन मारला, ते तुम्ही पाहिलं होतं? मॅचला होतात तुम्ही?"

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं, ते थांबलं.

"माधुरी, ती बॅट मॅचमध्ये कधी गेलीच नाही."

मी हातातली पर्स खाली ठेवली.

"त्याचं मनगट मी बांधलं, तेव्हा सगळे म्हणाले हा संपला. पाच महिन्यांनी त्यानं मला गाडी पाठवली. हॉस्पिटलमधून थेट स्टेडियमला. वर प्रेक्षकांच्या खुर्च्या, आणि त्यांच्या खाली एक जाळीची खोली असते, सरावाची. मशीन चेंडू फेकतं. तो, मशीन आणि मी. पहिले दोन त्यानं सोडले. भ्याला होता. मीही भ्यालो होतो, माझं काम होतं ना ते! तिसरा मारला. मनगट पूर्ण फिरलं. त्यानं चेंडू कुठं गेला ते पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग मारतच सुटला. मी मोजत होतो, पण मध्येच विसरलो. संपल्यावर ती बॅट माझ्या हातात दिली. म्हणाला, ही आता मी मॅचला नेणार नाही, ही तुझी."

"मग होमरन?"

"परत आल्यावर मंडळात मालती बॅट दाखवत होती. कुणीतरी विचारलं, ह्यानं मारला का होमरन? ती हो म्हणाली. तिला वाटलंच होतं तसं, किंवा तिला तसं हवं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला ह्या देशात येऊन चार महिने झाले होते, कुणाशी बोलायची नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. मी तिथं उभा राहून तिला खोटं पाडू? मग दुसऱ्या वर्षी तिनं प्रेक्षक घातले. तिसऱ्या वर्षी हात वर न्यायला लागली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिचं बोलणं एकदा छापून यावं असं वाटलं. बाकी काही नाही. तू लिही किंवा लिहू नकोस. तुझा धंदा आहे."

मी रडले, हे लिहायला लाज वाटत नाही. पण गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात कॉलिनचे दोन प्रश्न होते. ही वस्तू तेव्हा काय करत होती? आणि ते कुणी पाहिलं? बावीस वर्षांत माझ्या टेबलावर 'सामन्यातल्या' म्हणून ज्या वस्तू आल्या, त्यांतल्या निम्म्यांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. इथं साक्षीदार जिवंत होता, पिनरमध्ये बसला होता आणि ते मनगट त्यानंच जोडलं होतं.

मी लिहिलं: 'सरावातली. खेळाडूच्या मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा फिरवलेली बॅट. साक्षीदार: शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आपटे, स्वतः उपस्थित. सामन्यात वापरल्याचा पुरावा नाही.'

मग बॅटीची स्थिती लिहायची असते. त्यात प्रत्येक खूण सांगावी लागते, नाहीतर गिऱ्हाईक फसलं म्हणून भांडतं. कॉलिननं फोटोच्या आधी लाल खुणा पुसायला सांगितल्या होत्या. मी पहिल्यांदाच त्याचं ऐकलं नाही. माझ्या उजव्या हाताची बोटं त्यांच्यावर धरून पाहिली, ती बसली. लिहिलं: 'मूठ घरगुती पूजेसाठी अनेक वर्षं स्वच्छ केलेली, मूळ डांबर शिल्लक नाही. जाड भागावर पाच लाल खुणा, स्त्रीच्या उजव्या हाताच्या बोटांच्या. खेळातल्या नव्हेत.' कॉलिननं वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पान पुढं सरकवलं.

छापण्याआधी वस्तूच्या मालकाला मजकूर दाखवायचा असतो. मी डॉक्टरांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"वाचलं," ते म्हणाले. "सरावातली लिहिलंस."

"हो. रागावलात?"

"नाही." मग म्हणाले, "पाच खुणा कशावरून?"

"मोजल्या मी."

"एक खाली, बाजूला आहे का? जरा मोठी?"

"हो. अंगठ्याची."

"शेवटच्या दसऱ्याला तिला बोटावर कुंकू घेऊन टेकवता येत नव्हतं. हात थरथरत होता. तिनं अख्खा हात तबकात घातला आणि बॅट धरली. मी म्हटलं, अगं काय हे. मी पुसायला गेलो तर म्हणाली, राहू दे, उद्या पुसू." फोनवर कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. "आता ती कुणाला द्यायची नाही. कॉलिनला सॉरी सांग."

कॉलिन चिडला. पान लागलेलं होतं, फोटो झाले होते. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्यानंच बॅट चांगल्या कागदात गुंडाळून दिली आणि विचारलं, "ते लाल पुसलं जाणार नाही ना, ह्या कागदानं?"

त्यानंतर वर्षभरात मी निवृत्त झाले. मला माझ्या कामाचा अभिमान आहे, पण एक खंत राहिली. वहिनी असताना मी त्यांना कधी विचारलं नाही, की तुम्ही मॅचला होतात का. मला विचारायला यायचं, तोच माझा धंदा होता. मला त्यांची गोष्ट इतकी आवडायची की मी कधी विचारलंच नाही.

परवा दसऱ्याला आम्ही नवराबायको शुभाकडे हाउन्सलोला गेलो. डोक्यावरून विमानं जात होती, त्यामुळे आरती मध्येमध्ये ऐकू येत नव्हती. पाटावर स्टेथोस्कोप, शुभाच्या ऑफिसचा लॅपटॉप आणि बॅट. तबक माझ्याकडे आलं तेव्हा मी कुंकवाचं बोट मुठीला टेकवलं, जिथं मी घासलं होतं तिथं. जाड भागाला कुणी हात लावला नाही.

शुभाच्या शेजारी नव्यानं राहायला आलेलं एक तरुण मराठी जोडपं होतं. त्यांनी मंडळात काहीतरी ऐकलं असावं. त्यातल्या मुलीनं वाकून बॅट पाहिली आणि विचारलं, "काका, ह्याच बॅटनं तो होमरन मारला होता ना?"

शुभा माझ्याकडे बघायला लागली. मी डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी बॅट उचलली, लाल खुणांना धक्का लागू न देता मुठीकडून त्या मुलीच्या हातात दिली. "ह्या बॅटनं त्यानं नुसता सराव केला," ते म्हणाले. "मी पाहिलाय. होमरन मारला तो आमच्या मालतीनं." आणि त्यांनी हात छताकडे नेला.